कुत्रा चावल्यावर लस घेतली, पण जखमेत द्यायचं सिरम?

तलावपाळी | १७ डिसेंबर, रात्री १०.२०

शनिवारी, १३ तारखेला संध्याकाळी सातच्या सुमाराला आमच्या गेटसमोर सात वर्षांच्या मुलीला कुत्री चावली. मुलगी आमच्या वॉचमनदादांची. घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीबाहेर एक बेवारस गाडी कित्येक महिने उभी आहे, तिच्याखाली कुत्री व्याली होती. मुलीचा चेंडू गाडीखाली गेला, काढायला ती वाकली आणि कुत्री थेट तोंडावर आली. उजव्या गालावर दोन दात खोल, एका बोटावर एक.

मी भाजी घेऊन येत होते. पोचले तेव्हा एक जण हळद घेऊन आला होता, एका काकूंच्या हातात कॉफीचा डबा होता, आणि "पाणी लावू नका, विष पसरतं" असं कुणीतरी ठामपणे सांगत होतं. मला लहानपणापासून आईचं एकच वाक्य माहीत, कुत्रा चावला की आधी साबण. बागेच्या नळाखाली कपड्याच्या वडीने गाल आणि बोट धुतलं. मुलगी थरथरत होती, म्हणून पाच-सात मिनिटांत थांबलो. पंधरा मिनिटं धुवायचं असतं हे मला नंतर कळलं.

जवळच्या सरकारी दवाखान्यात गेलो. धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, दोन्ही दंडांवर लस टोचली आणि "मंगळवारी पुढची, घेऊन या" म्हणाले. वागणं चांगलं होतं, पैसे घेतले नाहीत. आम्ही निर्धास्त होऊन घरी आलो.

रात्री अकराला वॉचमनदादा केसपेपर घेऊन दारात. "ताई, मंगळवारची तारीख हीच ना, बघता का?" तारीख बरोबर होती. पण तिच्याखाली घाईच्या अक्षरात इंग्रजीत आणखी एक ओळ होती: कॅटेगरी थ्री, ॲडव्हाइज आरआयजी. मला अर्थ कळला नाही. डॉक्टर मैत्रिणीला फोटो पाठवला. तिचा लगेच फोन आला. "गालावर चावलंय आणि सिरम दिलेलं नाही? उद्या सकाळी पहिलं काम ते."

रविवारी तीन ठिकाणी फोन केले. एकीकडे साठा संपला होता. दुसरीकडे "सोमवारी ओपीडीत या". तिसऱ्या, मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत मिळालं, तेही फुकट. गालाच्या जखमेत आणि बोटाच्या पेरात सुई घालून ते औषध भरतात. आईने पाय धरले होते, मी डोकं. ती किंकाळी अजून कानात आहे.

माझ्या डोक्यातून एक गोष्ट जात नाही. ती ओळ लिहिली गेली, पण कुणी वाचून दाखवली नाही. आईवडिलांना इंग्रजी येत नाही. माझ्याकडे डॉक्टर मैत्रीण होती, रविवारी रिक्षाने फिरायला पैसे होते. ज्यांच्याकडे यातलं काहीच नाही, त्यांच्या केसपेपरवरची ती ओळ कोण वाचतं?

ठाणे, नवी मुंबई, कळवा, मुंब्रा, कुठलेही अनुभव असतील तर लिहा. जाणकारांनी हे सिरम प्रकरण सोप्या मराठीत समजावलं तर उपकार होतील.

---

सुईदोरा | १७ डिसेंबर, रात्री ११.०५

तलावपाळी ताई, तुम्ही त्या मुलीसाठी नेमकं हवं तेच केलंत. बावीस वर्षं नर्स आहे, त्यातली बरीच इंजेक्शन रूममध्ये गेली, म्हणून लिहिते.

लस आणि सिरम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लस शरीराला रेबीजशी लढायला शिकवते. पण शिकायला वेळ लागतो, पुरेशी प्रतिपिंडं तयार व्हायला आठवडा ते दोन आठवडे. रेबीजचा विषाणू तोवर थांबत नाही. तो जखमेतून मज्जातंतूत शिरतो आणि तंतूच्या आतून मेंदूकडे सरकत जातो. पायाला चावलं तर वाट लांब. गाल, मान, डोकं असेल तर वाट अगदी छोटी. बोटांच्या टोकांना मज्जातंतूंचं जाळं दाट, म्हणून तिथलाही चावा वाईट. हा मधला काळ भरून काढायला तयार प्रतिपिंडं जखमेतच नेऊन सोडतात. तेच आरआयजी, बोलीभाषेत सिरम. विषाणू तंतूत शिरायच्या आत त्याला जखमेतच गाठायचं, म्हणून ते जखमेत आणि जखमेभोवती देतात. नुसतं दंडात दिलं तर त्याचा उद्देशच राहत नाही.

घोड्यापासून बनवलेलं असेल तर वजनाच्या दर किलोला ४० युनिट, माणसाच्या रक्तापासून बनवलेलं असेल तर २०. हल्ली मोनोक्लोनल अँटिबॉडीही मिळते, म्हणजे प्रयोगशाळेत बनवलेली प्रतिपिंडं. पुण्यात बनणारं रॅबिशिल्ड त्यातलंच. ते खासगीत महाग पडतं, सरकारीत बहुतेक घोड्याचंच असतं. घोड्याचं म्हणून घाबरू नका, आताची औषधं बरीच शुद्ध केलेली असतात. दिल्यावर अर्धा तास बसवून ठेवतात, तेवढं बसा.

पहिल्या दिवशी सिरम मिळालं नाही तर पहिल्या लशीपासून सात दिवसांच्या आत कधीही घेता येतं. त्यानंतर देत नाहीत, कारण तोवर शरीर स्वतः प्रतिपिंडं बनवू लागलेलं असतं आणि बाहेरून दिलेलं त्याच्या आड येऊ शकतं. हे सात दिवस लोकांना माहीत नसतात. "त्या दिवशी नव्हतं, मग राहिलंच" असं सांगणारे मी किती पाहिलेत.

---

खाडीवारा | १८ डिसेंबर, सकाळी ७.५०

कॅटेगरी थ्री म्हणजे काय तेही लिहा ना कुणी. माझ्या भाच्याच्या कागदावर 'टू' लिहिलं होतं.

---

सुईदोरा | १८ डिसेंबर, सकाळी ८.१५

पहिली श्रेणी: कुत्र्याला हात लावला, खायला घातलं, धड कातडीवर त्याने चाटलं. काही लागत नाही, हात धुवा.
दुसरी: कातडी खरचटली, ओरखडा आला, पण रक्त नाही. लस लागते, सिरम नाही.
तिसरी: रक्त आलं, दात आत गेला, किंवा आधीच्या जखमेवर, डोळ्यात, ओठांवर लाळ लागली. लस आणि सिरम दोन्ही.

रक्ताचा एक थेंब दिसला तरी तिसरी. पूर्वी "एवढंसंच तर आहे" म्हणून आमच्याकडचेही कधीकधी दुसरीत टाकायचे. आणि घरचं पिल्लू असो, सोसायटीतलं ओळखीचं असो, नियम तोच.

---

जुना_ठाणेकर | १८ डिसेंबर, सकाळी ११.३०

सुईदोरा ताई, फार चांगलं समजावलंत.

मी नौपाड्यातला, वय ६४. चौथीत असताना मासुंदा तलावाच्या कट्ट्यावर कुत्रा चावला होता. तेव्हा पोटात चौदा इंजेक्शनं. वडील रोज सकाळी कामावर जाण्याआधी सायकलवर पुढे बसवून न्यायचे. बेंबीभोवती आज इथे, उद्या तिथे. पाचव्या दिवसापासून पोट टणक व्हायचं. त्या रस्त्याला सायकल वळली की मी रडायला लागायचो. वडिलांनी एकही दिवस चुकवला नाही.

ती लस मेंढीच्या मेंदूपासून करायचे. कसौलीला डेव्हिड सेंपल या ब्रिटिश डॉक्टरांनी १९११ मध्ये ती पद्धत काढली आणि २००४-०५ पर्यंत ती आपल्याकडे वापरात होती. आता पोटात इंजेक्शन कुणीच देत नाही. हे मुद्दाम लिहितोय, कारण पोटातल्या चौदा इंजेक्शनांची दहशत आमच्या पिढीने पुढच्यांना दिली. गेल्या वर्षी आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींनी नातवाला चावल्याचं चार दिवस लपवलं. का, तर पोर पोटातली चौदा इंजेक्शनं सोसणार नाही म्हणून. दंडावर चार वेळा टोचतात आणि झालं, हे सांगितल्यावर त्या तिथेच खाली बसून रडल्या.

---

तलावपाळी | १८ डिसेंबर, दुपारी १.१०

काका, आमच्या मुलीची आईही मला रस्त्यात हेच विचारत होती, "पोटात देणार का हो?" मला तेव्हा उत्तर माहीत नव्हतं.

---

ऐरोलीकर | १८ डिसेंबर, दुपारी २.४०

सगळं ठीक आहे, पण मुळावर कोण बोलणार? आमच्या सेक्टरमध्ये रात्री दहानंतर स्टेशनवरून चालत यायची सोय नाही. बायका घोळक्याने येतात. माझ्या वडिलांना सकाळी फिरताना मागून पिंढरीला चावलं, ते पडले, मनगटाचं हाड मोडलं. लस पूर्ण झाली, पण माणूस घराबाहेर पडायचा बंद झाला. हे कुठल्या आकड्यात येतं? कुत्री उचला आणि लांब नेऊन ठेवा, एवढंच मला कळतं.

---

पारिजात | १८ डिसेंबर, संध्याकाळी ६.००

ऐरोलीकर दादा, तुमच्या वडिलांबद्दल खरंच वाईट वाटलं. मी कोपरखैरण्यात अकरा वर्षं कुत्र्यांना खायला घालते, म्हणून मला इथे बोलणी बसतील हे माहीत आहे. तरी लिहिते.

सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ ला सांगितलं की निर्बीजीकरण आणि लसीकरण करून कुत्री जिथून उचलली तिथेच सोडायची, पिसाळलेली आणि हल्लेखोर सोडून. खायला ठरवून दिलेल्या जागीच घालायचं. पुढे ७ नोव्हेंबरला शाळा, रुग्णालयं, बस आणि रेल्वे स्थानकं, क्रीडासंकुलं इथली कुत्री हलवा आणि परत तिथे सोडू नका, असाही आदेश झाला. म्हणजे दोन्ही बाजूंनी नियम आहेत. २०२३ च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांतही स्पष्ट आहे की खाऊ घालायची जागा जिन्याजवळ, प्रवेशद्वाराजवळ, मुलं खेळतात तिथे नको. आमच्यातलेच काही जण गेटसमोर चिकनचा भात टाकतात आणि निघून जातात. त्यांच्याशी मी भांडते. त्या भातामुळे कुत्री गेटला आपला इलाका समजतात आणि चावा तिथून येणाऱ्याजाणाऱ्याला बसतो.

पिल्लं अंगावर पिणारी असतील तर मादीची शस्त्रक्रिया करत नाहीत, म्हणून तलावपाळी ताईंच्या गेटवर आत्ता पालिकेची कुत्री पकडणारी गाडी आली तरी ती कुत्री नेतीलच असं नाही. तोवर त्या बेवारस गाडीभोवती दोरी बांधा, पोरांना पलीकडून न्या. पावसाळा सरल्यापासून थंडीपर्यंत पिल्लांचे दिवस असतात. एरवी गरीब असलेली मादीही या दिवसांत अंगावर येते.

---

ऐरोलीकर | १८ डिसेंबर, संध्याकाळी ७.२५

गेटसमोरच्या भाताबद्दल तुम्ही स्वतः लिहिलंत, त्याचा आदर आहे. बाकी माझं मत बदललेलं नाही.

---

आकडेमोड | १८ डिसेंबर, रात्री ९.४५

काही आकडे मांडतो, कारण हा प्रश्न एका गेटचा नाही.

सरकारने संसदेत दिलेल्या माहितीनुसार २०२४ मध्ये देशात ३७ लाखांहून जास्त श्वानदंशांची नोंद झाली आणि रेबीजचे संशयित मृत्यू ५४. दुसरीकडे जागतिक आरोग्य संघटना भारतातल्या मृत्यूंचा अंदाज वर्षाला १८ ते २० हजार सांगत आली आहे. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, घरोघरी जाऊन केलेल्या पाहणीतून अलीकडे निघालेला अंदाज वर्षाला सुमारे ५,७०० मृत्यूंचा. ५४ कुठे आणि ५,७०० कुठे.

मला यामागे दिसतं ते असं. पाणी पाहून घशाला आचके येऊ लागले की डॉक्टर घरच्यांना सांगतात, आता काही होण्यासारखं नाही. लोक माणसाला गावी नेतात. तो गावी जातो तेव्हा नोंद कुठेच होत नाही. चावा ठाण्यात बसलेला असतो आणि मरण शहापूर-मुरबाडकडे येतं, किंवा थेट उत्तर प्रदेशात.

त्याच पाहणीतली दुसरी गोष्ट मला जास्त टोचली. कुत्रा चावलेल्या दर पाच जणांपैकी साधारण एकाने लशीचा एकही डोस घेतलेला नव्हता. आणि सुरुवात करून कोर्स अर्धवट सोडणारे वेगळेच.

---

रात्रपाळी | १९ डिसेंबर, रात्री १.३०

मी अर्धवट सोडणाऱ्यातला आहे. पहिल्यांदाच लिहितोय इथे.

मी पार्सल पोचवतो, नवी मुंबईत, जास्त करून रात्री. २८ नोव्हेंबरला घणसोलीत गाडीमागे चार कुत्री लागली, एकाने पोटरी धरली. पँट फाटली, थोडं रक्त आलं. धुतलं. लस घेतली, सिरम पण दिलं होतं, जखमेत. तीन दिवसांनी दुसरी घेतली. तिसरी सातव्या दिवशी होती, पण त्या दिवशी सकाळी ओपीडीला गेलो असतो तर स्लॉट गेला असता, स्लॉट गेला की त्या दिवसाचे पैसे गेले. जखम भरलीये. आता दोन आठवडे उलटले. वाटलं, आता परत पहिल्यापासून घ्यावी लागणार, म्हणून गेलोच नाही. आता हे सगळं वाचून झोप लागत नाही.

---

सुईदोरा | १९ डिसेंबर, सकाळी ६.४०

रात्रपाळी दादा, बरं झालं लिहिलंत. पहिल्यापासून घ्यावी लागत नाही. जिथे सोडली तिथून पुढे सुरू करायची. आज शुक्रवार आहे, आजच जा, जुना केसपेपर न्या. तो नसला तरी जा. सिस्टरला तारखा सांगा. उशीर झाला म्हणून कुणी ओरडलं तर ऐकून घ्या, पण टोचून घेतल्याशिवाय परत येऊ नका. कातडीत देत असतील तर तुमच्या ०, ३, ७, २८ या दिवसांच्या डोसांपैकी आता सातव्या दिवसाचा. मग शेवटच्याची तारीख त्यांच्याकडूनच लिहून घ्या.

जखम भरण्याचा आणि रेबीजचा काही संबंध नाही. बहुतेकांना लक्षणं एक ते तीन महिन्यांनी येतात, कधी त्याहून उशिरा. तेव्हा चावा आठवतही नसतो.

एक सांगते. मी नवीन होते तेव्हा संसर्गजन्य आजारांच्या वॉर्डात एक पेशंट आला होता. तिशीचा, विटा वाहणारा, धडधाकट. दोन महिन्यांपूर्वी पिल्लाने हाताला दात लावला होता. पाणी मागायचा, पेला ओठापाशी नेला की अख्खं अंग आखडायचं, आणि मग तो आमचीच माफी मागायचा. शेवटपर्यंत बऱ्याच वेळा शुद्धीवर होता. बायकोला सांगत होता की गावच्या घराचं दार पावसात फुगतं, सुताराला बोलव. दुसऱ्या दिवशी रात्री गेला. लक्षणं सुरू झाल्यावर आमच्या हातात काहीच नसतं, आणि लक्षणांच्या आधी जवळपास सगळंच असतं. म्हणून मी सातव्या दिवशी न आलेल्यांना फोन लावते, नंबर लागला तर.

---

खाडीवारा | १९ डिसेंबर, सकाळी १०.१०

दोन शंका. येऊरच्या जंगलात माकडाने ओरबाडलं तर? आणि पाळलेल्या कुत्र्याला लस दिलेली असेल, तो चावला तर दहा दिवस वाट बघायची म्हणतात ते खरं का?

---

सुईदोरा | १९ डिसेंबर, दुपारी ३.००

माकड, मांजर, दोन्हींना हेच नियम. घरातल्या उंदराच्या चाव्याला सहसा रेबीजची लस लागत नाही.

दहा दिवस वाट बघायची, पण लस सुरू करून. कुत्रं दहा दिवस धडधाकट राहिलं तर पुढचं डॉक्टर ठरवतील. लस थांबवून कुत्र्याकडे बघत बसायचं नाही. आणि भटकं असेल तर दहा दिवसांनी ते सापडेलच याचा काय भरवसा?

पूर्वी कधी पूर्ण कोर्स झालेला असेल तर पुन्हा चावल्यावर दोनच डोस, आज आणि तीन दिवसांनी, सिरम नाही. म्हणून जुने केसपेपर फेकू नका.

---

पारिजात | १९ डिसेंबर, रात्री ९.२०

एवढंच जोडते. गोव्यात जाळी घेऊन गल्लोगल्ली कुत्र्यांना दरवर्षी लस टोचली, माणसांतला रेबीज जवळपास थांबला. वस्तीतली सत्तर टक्के कुत्री लस घेतलेली असली की साखळी तुटते. माणसाला चार इंजेक्शनं देण्यापेक्षा कुत्र्याला वर्षाला एक देणं किती सोपं आहे. निर्बीजीकरणाला भूल, शस्त्रक्रिया, पिंजरा लागतो. लसीला दोन मिनिटं. आपल्याकडे दोन्ही गोष्टी एकाच गाडीला बांधल्यामुळे गाडी आली नाही की लसही राहते.

---

ऐरोलीकर | १९ डिसेंबर, रात्री १०.४५

यावर मात्र मी तुमच्याबरोबर आहे. आमच्या सेक्टरमध्ये लसीकरण ठेवणार असाल तर कळवा, मी कुत्री दाखवायला येतो. कुठलं कुठे झोपतं ते मला पाठ आहे.

---

तलावपाळी | १० जानेवारी, दुपारी १२.३०

आज मुलीचा चौथा डोस झाला. गालावर दोन गुलाबी ठिपके राहिलेत. चेंडू घ्यायला अजून खाली उतरत नाही, जिन्यात बसून खेळते.

प्रभाग कार्यालयात अर्ज देऊन ती गाडी उचलून घेतली, तीन खेपा पडल्या. कुत्री आणि चार पिल्लं मागच्या मोकळ्या प्लॉटवर आहेत. पारिजात ताईंनी ओळख करून दिलेल्या दोन मुलींनी कुत्रीला लस दिली.

ज्या दवाखान्यात ती ओळ लिहिली होती तिथे मी जाऊन भेटले. भांडले नाही. डॉक्टर म्हणाले, त्या संध्याकाळी एकट्याने सत्तर पेशंट काढत होतो. मी विचारलं, मराठी आणि हिंदीत एक शिक्का करून दिला तर वापराल का? हो म्हणाले. मजकूर सुईदोरा ताईंनी तपासून दिला: "जखमेत देण्याचे सिरम बाकी आहे. आजच घ्या. सात दिवसांनंतर देता येत नाही. मिळण्याचे ठिकाण: ______". शिक्का गोखले रोडवर करून घेतला, ठिकाणाची जागा हाताने भरायची. साठा कुठे आहे ते त्यांना रोज सकाळी फोन करून विचारावं लागेल. ते करतील की नाही हे पुढच्या महिन्यात जाऊन बघणार आहे.

---

सुईदोरा | १० जानेवारी, दुपारी २.०५

आमच्याकडेही तो शिक्का हवाय. मजकुराचा फोटो टाका. रात्रपाळी दादा, तुमचं काय झालं?

---

रात्रपाळी | ११ जानेवारी, रात्री २.१५

ताई, त्या दिवशीच तिसरा घेतला. चौथा काल सकाळी, ड्युटी संपवून थेट गेलो, नऊ वाजता ओपीडी उघडेपर्यंत बाहेर गाडीवर झोपलो. आमच्या ग्रुपवर या धाग्याची लिंक टाकली होती. दोघे जण निघाले अर्धवट सोडलेले. एक उद्या माझ्याबरोबर येतोय, दुसऱ्याला अजून समजावतोय.